वरच्या मजल्याचा आवाज: फॉल्स सीलिंग करून घ्यावं का?

निंबोणी · शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात नव्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहायला आलोय. मिवान शटरिंगची (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेली) बिल्डिंग आहे. घर छान, उजेड छान, पण सातव्या मजल्याचा सगळा संसार आमच्या छतावर ऐकू येतो. रात्री अकरानंतर खुर्च्या सरकवल्याचा कर्रर्र. संध्याकाळभर पोरांची धावाधाव. आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं एक घरघर, जी कानापेक्षा पलंगाला जास्त जाणवते.

माणसं वाईट नाहीत, लिफ्टमध्ये हसून बोलतात. म्हणूनच तोंड उघडवत नाही. एका इंटिरियरवाल्याने हॉल आणि बेडरूमला 'साउंडप्रूफ' फॉल्स सीलिंग सुचवलंय, आकडा सव्वा लाखाच्या वर जातोय. स्वस्तात हवं असेल तर छताला फोमच्या लाद्या चिकटवून देतो म्हणाला. कुणी असं काही केलंय का? फरक पडतो का? की सरळ तक्रार करावी?

(नवऱ्याचं मत: हेडफोन घाल.)

तर्रीबाज · शनिवार, रात्री ११:५२

नवऱ्याला +१.

तळमजला · रविवार, सकाळी ७:०५

आम्ही नावाप्रमाणे तळमजल्यावर. वरच्यांचं सगळं ऐकून घ्यायचं आणि आपण पाय आपटायचे म्हटलं तर खाली फक्त पाण्याची टाकी. लोकशाहीत एवढा अन्याय कुठे नसेल.

सिमेंटकाका · रविवार, सकाळी ९:२०

बांधकामात आयुष्य गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी फोम. अजिबात घेऊ नका. त्या लाद्या (आणि अंड्यांचे ट्रे, अजून कुणी सुचवले नाहीत पण सुचवतीलच) खोलीतला घुमारा कमी करतात. घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर जरूर लावा. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, आणि फोमला वजनच नसतं.

आता आवाजाच्या दोन जाती. बोलणं, टीव्ही, भांडण, कुत्रं हा हवेतून येणारा आवाज. तुमच्या डोक्यावर पाच-सहा इंचांचा काँक्रीट स्लॅब आहे, चौरस मीटरला तीनशे किलोच्या घरात वजन. त्यातून बोलणं फारसं येत नाही. वरच्यांची मालिका शब्दन् शब्द ऐकू येत असेल तर ती खिडकीतून किंवा बाथरूमच्या डक्टमधून येतेय असं समजा.

दुसरी जात ठोक्याची. टाच, खुर्ची, चेंडू, खलबत्ता. इथे आवाज स्लॅबमधून 'पार' होत नाही, स्लॅब स्वतःच वाजतो. तो भिंतींशी एकजीव असतो, आणि मिवानमध्ये तर बहुतेक भिंतीही काँक्रीटच्याच, स्लॅबबरोबर ओतलेल्या. त्यामुळे वरचा ठोका तुमच्या छतातून येतो तसा भिंतींतूनही उतरतो. छत झाकलं तरी भिंती बोलत राहतात.

तरी सीलिंग करायचंच असेल तर ते रबराच्या किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगलेलं हवं, आत ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), खाली जिप्समचे दोन थर, कडा सीलंटने पूर्ण बंद. सहा इंच तरी उंची जाते. आणि मग त्यात डझनभर लाइटांची भोकं पाडू नका, नाहीतर केलेलं सगळं त्या भोकांतून वाहून जातं. साध्या चॅनेलला स्क्रूने ठोकलेलं एकेरी जिप्सम म्हणजे छताखाली ताणलेलं ढोलकीचं कातडं. काही ठिकाणी त्याने धपधप वाढलेली मी ऐकलीय.

सव्वा लाखात यातलं नक्की काय काय आहे ते लिहून मागा. पण माझं मत विचाराल तर तुमचा उपाय सातव्या मजल्यावर आहे, सहाव्यावर नाही.

रात्रपाळी · रविवार, सकाळी १०:१५

काका, वाचनखूण साठवली.

कलमकसाई · रविवार, सकाळी ११:०२

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे ५० आणि ४०. म्हणजे पहाटे साडेपाचची घरघर 'रात्रीत' मोडते, हे लक्षात घ्या. ११२ ला फोन करता येतो. सोसायटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेखी नसेल तर काही घडलंच नाही.

सिमेंटकाका · रविवार, सकाळी ११:३०

कलमकसाई, नियम बरोबर आहेत, पण एक गोम आहे. ते आकडे 'डेसिबल ए' मध्ये मोजतात, आणि ठरावीक वेळेची सरासरी काढतात. 'ए' म्हणजे मीटर खर्जातले आवाज मुद्दाम कमी धरतो, कारण कानही ते कमी ऐकतो. पोराची उडी हा नेमका खर्जातला, क्षणभराचा दणका. पलंग हादरतो आणि मीटर शांत. ते नियम मुख्यतः लाउडस्पीकर, फटाके, हॉर्न, बांधकामाची यंत्रं यांच्यासाठी आहेत. मोबाइलमधल्या ॲपचा आकडा घेऊन चौकीत गेलात तर हवालदार चहा पाजून परत पाठवेल.

कलमकसाई · रविवार, सकाळी ११:४४

चहा पाजणारी चौकी कुठली ते कळवा. बाकी मान्य. सार्वजनिक उपद्रवाचं कलम (आता भारतीय न्याय संहितेत २७०, शिक्षा २९२) एका घराच्या खुर्चीला लावणं अवघडच. रात्री दोनला स्पीकर लावून पार्टी चालली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पोलिसांना बोलवायला अजिबात संकोच करू नका. पण लेखी अर्जाचा मुद्दा मी सोडत नाही.

सचिव_नाइलाजाने · रविवार, दुपारी १२:१०

लेखी अर्ज ज्याच्या टेबलावर येतात तो मी. कृपया दया करा.

आमच्या तक्रारवहीतला एक नमुना: 'वरच्या मजल्यावरील सौ. मुद्दाम चालतात.' बस, एवढंच. यावर मी काय कारवाई करू? त्यांना तरंगायला सांगू?

गंभीरपणे सांगायचं तर सोसायटी दोन गोष्टी करू शकते. दुरुस्तीच्या कामाच्या वेळा बांधून देणं (आमच्याकडे १० ते १ आणि ४ ते ६, रविवारी ड्रिल बंद) आणि सामायिक गोष्टींचा आवाज कमी करणं: पंप, लिफ्ट, जनरेटर, गेट. बाकी दोन सभासदांच्या मध्ये पडलं की दोघेही सचिवावर उलटतात. दंड लावायचा तर आधी सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि त्या सभेचा आवाज मोजला तर शांतता क्षेत्राची फाइल उघडावी लागेल.

निंबोणी, पहाटेची घरघर रोज ठरलेल्या वेळीच होते का? आमच्याकडे असंच होतं. पालिकेचं पाणी आलं की पंप सुरू, आणि पंपाचा पाइप भिंतीला थेट क्लॅम्प केलेला. पंपाखाली रबरी पॅड, पाइपाला लवचीक जोड आणि क्लॅम्पमध्ये रबर घातल्यावर तक्रार थांबली. वरच्यांवर आळ घेण्याआधी वॉचमनला पंपाची वेळ विचारा.

घुंगरू · रविवार, दुपारी ३:३०

मी दुसऱ्या बाजूची. म्हणजे वरच्या मजल्याची, आणि त्यातही कथक करणारी. करा काय शिक्षा करायची ती.

खालच्या काकूंनी पहिल्यांदा बेल वाजवली तेव्हा मला राग आला होता, हे खरं. दिवसाढवळ्या रियाज करतेय, रात्री नाही. कुणाच्या घरात कुणी चालायचं नाही, नाचायचं नाही, पोरांनी पळायचं नाही, असं कसं चालेल? 'मुद्दाम करतात' हे वाक्य खालच्या मजल्यावर फार स्वस्त असतं. फ्लॅट घेताना बिल्डरने जमिनीखाली एक मऊ थर घातला असता तर आम्ही दोघी मैत्रिणी झालो असतो.

पण काकूंना लहान नातू होता, म्हणून उपाय शोधला. काका म्हणतात ते अनुभवाने पटलं: घुंगरांचा आवाज खाली जातच नाही, जातो तो तत्काराचा, म्हणजे पाय आपटण्याचा ठोका. म्हणून जाड रबरी मॅट, त्यावर १९ मिमी प्लायच्या दोन पाट्या, सांधे एकमेकांवर येणार नाहीत अशा. पाट्या भिंतीला टेकू द्यायच्या नाहीत, नाहीतर भिंत वाजते. आणि खोलीच्या मधोमध नाचायचं सोडून बीमजवळच्या कोपऱ्यात आले. काकू म्हणाल्या निम्म्याने कमी झालं. पूर्ण गेलं नाही, आणि ते जाणारही नाही. दुपारी दोन ते चार मी पायाला हात लावत नाही, त्या बदल्यात त्या संध्याकाळी काही बोलत नाहीत. हा करार लेखी नाही, कलमकसाई.

सिमेंटकाका · रविवार, दुपारी ३:५८

बीमजवळचा मुद्दा अगदी योग्य. स्लॅब मध्यावर सगळ्यात जास्त हलतो, टेकूजवळ कमी. ट्रेडमिलवाल्यांनीही हे वाचावं. हॉलच्या मध्यावर, टीव्हीसमोर ट्रेडमिल ठेवणाऱ्यांच्या खाली राहणाऱ्याला स्वर्ग लगेच मिळत असावा.

तर्रीबाज · रविवार, दुपारी ४:२०

अवांतर: आमच्या वरचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे, मालक दुबईला. तरी रात्री गोट्या पडून घरंगळत गेल्यासारखा आवाज येतो. टप्, टप्, टपटपटप, घर्रर्र. बायको म्हणते तिथे लहान मूल आहे. मला तेव्हापासून रात्री पाणी प्यायला एकट्याने जाववत नाही.

तळमजला · रविवार, दुपारी ४:२६

तोच! आमच्या ठाण्याच्या जुन्या घरी पण! तिसऱ्या मजल्यावर कुणी नसताना!

मधलीसुट्टी · रविवार, दुपारी ४:४०

या धाग्याचं भुताखेतांच्या विभागात स्थलांतर करावं ही विनंती.

सिमेंटकाका · रविवार, संध्याकाळी ५:१५

भूत नाही, बहुधा नळ आहे. पाइपातून जोरात वाहणारं पाणी अचानक थांबवलं (एका झटक्यात बंद होणारा नळ, वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह, फ्लशची टाकी भरून बंद होणं) की त्या पाण्याचा धक्का मागे जातो आणि सैल पाइप भिंतीला आपटत राहतो. एक मोठा ठोका, मग लहान लहान. त्याच 'गोट्या'. गरम पाण्याचा पाइप थंड होताना आखडतो तेव्हाही टिकटिक होते. पाइपाला आवाज घरभर फिरवायला स्लॅब आणि भिंती आहेतच, त्यामुळे तिसऱ्याच घरातला नळ तुमच्या डोक्यावर वाजतो. उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांना दाब जास्त असतो, तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला आणि सैल पाइप नीट आवळले की बराच फरक पडतो.

तर्रीबाज · रविवार, संध्याकाळी ५:२१

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग नळ कोण सोडतंय?

म्युनिकर · रविवार, रात्री ८:०५

आमच्याकडे जर्मनीत रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर शांतता. रविवारी ड्रिल तर सोडाच, रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडीत टाकल्या तरी शेजारी खिडकीतून बघतात. सुरुवातीला गंमत वाटली, मग सवय झाली, आता भारतात आलो की झोप लागत नाही.

पण घुंगरू म्हणतात तो मऊ थर इथे खरंच असतो. स्लॅबवर आधी खनिज लोकर किंवा फोमची एक गादी, त्यावर काँक्रीटचा पातळ थर जो भिंतींना कुठेच चिकटलेला नसतो, कडेनेही फोमची पट्टी, आणि मग वर फरशी. म्हणजे चालणारा माणूस तरंगत्या जमिनीवर चालतो. आपल्याकडे स्लॅब, त्यावर मसाला, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल. ठोक्याला मध्ये अडवायला कुणीच नाही. नव्याने घर घेणाऱ्यांनी बिल्डरला हा प्रश्न विचारायला हवा, पण आपण मॉड्युलर किचनचा हँडल कुठला ते विचारतो.

जुन्या इमारतींत मात्र इथेही लाकडी जमिनी आहेत, आणि तिथे वरच्याची शिंकही ऐकू येते. तेव्हा फार हेवा करू नका.

जुनावाडा · रविवार, रात्री ९:३०

आमचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात. वर तक्तपोशी, तिच्या फटीतून वरच्यांची माती आमच्या ताटात पडायची. एका भिंतीपलीकडे खोकला झाला की अलीकडून 'सुंठ घ्या' म्हणून सांगायचे. आवाजाची तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही. आता माणसांना माणसं नको झालीत, म्हणून आवाज नको झालाय.

रात्रपाळी · रविवार, रात्री ९:४८

जुनावाडा, आदर ठेवून असहमत. वाड्यात तक्रारी होत नव्हत्या असं नाही, नळावर आणि संडासाच्या रांगेत त्या रोज व्हायच्या, माझ्या आजीकडून ऐकल्यात. आणि तेव्हा वाडा रात्री साडेनऊला झोपायचा. सगळे एकाच वेळी झोपायचे हा फरक आहे.

माझं सांगते. मी रुग्णालयात नर्स आहे, महिन्यातले निदान दहा दिवस रात्रपाळी. मी सकाळी नऊला झोपते. वर सचिवांनी दिलेली ड्रिलची वेळ पाहा, १० ते १. नियम, सोसायटी, कायदा सगळे रात्रीची काळजी घेतात, दिवसा झोपणाऱ्याची कुणी नाही. वरच्यांना मी काय सांगणार, सकाळी अकराला कांदा चिरू नका?

तेव्हा ज्यांना वरच्या मजल्यावर काहीच करता येणार नाही त्यांच्यासाठी: फोमचे इअरप्लग. लोक नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि 'उपयोग नाही' म्हणतात. बोटांत गोल बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. बोलणं, शिट्ट्या, हॉर्न जवळजवळ जातात. धपधप राहते, तिच्यासाठी पंखा पूर्ण वेगात किंवा जुना घरघरणारा कूलर. सलग आवाजात तुटक आवाज बुडतो. बेडरूमच्या दाराला चौकटीभोवती रबरी पट्टी आणि खालच्या फटीला ब्रश. दार कितीही जाड असू दे, फट असेल तर लिफ्टची टिंग आत येतेच. खर्च हजाराच्या आत. उठायला उशीखाली थरथरणारं घड्याळ.

घुंगरू · रविवार, रात्री १०:०२

दिवसा झोपणाऱ्यांचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. खाली विचारून बघते.

सेमीफास्ट · सोमवार, सकाळी ८:३२

लोकलमध्ये बसून वाचतोय. माझ्या डाव्या बाजूला भजन, उजव्या बाजूला मोठ्याने रील, समोर पत्ते. तुम्ही लोक खुर्चीच्या आवाजाबद्दल बोलताय. जय महाराष्ट्र.

तळमजला · सोमवार, सकाळी ८:५०

धागाकर्ती कुठे गेल्या? सीलिंगवाला येऊन गेला का?

निंबोणी · पुढच्या रविवारी, दुपारी १:१५

आले, आले. सगळ्यांचे आभार, विशेषतः काका, सचिव आणि घुंगरू.

सचिवांनी सांगितल्याप्रमाणे वॉचमनला विचारलं. पंप सहा वाजता सुरू होतो, म्हणजे साडेपाचची घरघर पंपाची नाही. मग एका संध्याकाळी वर गेले. हातात काहीतरी असावं म्हणून पातोळ्या नेल्या. दार वरच्या आजींनी उघडलं. बसले, चहा झाला, आणि स्वयंपाकघराच्या ड्राय बाल्कनीत बघते तर घरघंटी! आजी पहाटे उठतात, घरात सगळे झोपलेले असतात म्हणून दार लावून तेव्हाच ज्वारी दळून घेतात, घरच्यांना त्रास नको म्हणून. ती बाल्कनी बरोबर आमच्या बेडरूमच्या भिंतीला लागून आहे. त्यांना कल्पनाच नव्हती, कारण वर ती घरघर खरंच फारशी ऐकू येत नाही. मी त्यांना सकाळी खाली आणून पलंगावर हात ठेवायला लावला. चारही पायांखाली जाड रबरी पॅड घातले आणि आता त्या दहानंतर दळतात. घरघर बंद नाही, पण तेव्हा मी ऑफिसात.

खुर्च्यांना फेल्टचे गोल चिकटवले. त्यांच्या मुलानेच आणले, मला पैसे देऊ दिले नाहीत. कर्रर्र गेला.

पोरांचं मात्र आहे तसंच आहे. हॉलमध्ये फोमची जोडायची चटई घालू म्हणाले, घातली, पोरं चटई सोडून पॅसेजमध्ये पळतात. सून जरा नाराजही वाटली, 'मुलांना बांधून ठेवू का' असं हसत म्हणाली, पण म्हणाली. साडेनऊनंतर नाही, एवढ्यावर ठरलंय. ते किती पाळलं जाईल बघू.

फॉल्स सीलिंग रद्द. इंटिरियरवाल्याला 'हँगर कुठले, रॉकवूल किती मिमीचं, जिप्समचे थर किती' असं विचारलं, त्याचा अजून फोन आलेला नाही.

सिमेंटकाका · रविवार, दुपारी १:४०

येणारही नाही. फेल्टवर लक्ष ठेवा, खाली वाळूचे कण अडकतात आणि काही महिन्यांत झिजतात. खुर्चीच्या पायाला टोपीसारखे घालायचे रबरी बूच जास्त टिकतात. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात, पायाचं माप घेऊन जा, चौकोनी पाय असेल तर चौकोनीच मागा.

कलमकसाई · रविवार, दुपारी २:०५

साडेनऊचं ठरलंय ते व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या हो.

तर्रीबाज · रविवार, दुपारी २:१२

घरघंटीत थालीपिठाची भाजणी नीट दळली जाते का? गिरणीवाला आमची भाजणी मिरचीनंतर लावतो.

निंबोणी · रविवार, दुपारी २:३०

जाळी बदलून जरा जाडसर काढतात म्हणाल्या. कालच डबाभर खाली आलीय, रात्री करून बघते आणि सांगते.